हात गेला, दिवा आला

टांगेवाल्याच्या हातातला चाबूक घोड्यासाठी असतो, असा आपला समज. पण निम्माशिम्मा तो मागून येणाऱ्या माणसांसाठीही असे. इंग्लंडात १९३१ साली सरकारने 'हायवे कोड' नावाचे रस्त्यावरच्या रीतिभातीचे एक लहानसे पुस्तक काढले. किंमत एक पेनी. मोटारवाल्याने हाताने करावयाच्या खुणा त्यात होत्याच, शिवाय घोडागाडी हाकणाऱ्याने चाबकाने करावयाच्या खुणाही होत्या. वळावयाचे असले की चाबूक डोक्यावर गोल फिरवावयाचा.

आपल्याकडे ड्रायव्हिंगची परीक्षा दिलेल्यांना दुसरी एक खूण आठवेल. उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर काढावयाचा, आणि डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवावयाचा. डाव्या वळणाला उजवा हात का, याचे उत्तर सोपे आहे. आपल्या मोटारीत हाकणारा उजवीकडे बसतो. त्याचा डावा हात गाडीच्या पोटात, तो बाहेरच्यांना दिसणार कसा? म्हणून एकाच हाताला दोन्ही दिशांचे काम करावे लागले आणि डाव्या दिशेसाठी गिरकी आली. चाबूक मोटारीत आला नाही, पण त्याची गिरकी मात्र आली, असे मला आपले वाटते. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्याने या खुणांना आपल्याकडे कायद्याचे रूप दिले आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या ड्रायव्हरांनी पावसात बाही भिजवीत त्या केल्या.

या हाताच्या खुणेत एक मोठा गुण होता. हात काढणाऱ्याला आपण हात काढला आहे हे पक्के ठाऊक असे. तो मध्येच बिघडत नसे, गंजत नसे, त्याची तार तुटत नसे. अवगुणही होते. रात्री तो दिसत नसे, मुसळधार पावसात दिसत नसे, आणि मोटारींना छप्पर आणि काचा आल्यावर तर प्रत्येक वळणाला काच खाली घ्यावी लागे. तेव्हा हाताच्या जागी दुसरे काहीतरी हवे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच लोकांना कळून चुकले होते.

ज्यांनी यावर डोके चालविले त्यांत एक नटी होती. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही कॅनडात १८८६ साली जन्मलेली बाई अमेरिकेतील मूकपटांतून फार गाजली. चित्रपटात नटनटींची नावे द्यावयाची पद्धत नव्हती त्या दिवसांत जिचे नाव लोकांच्या तोंडी झाले, अशा पहिल्या काहींपैकी ती. तिला मोटारीचा नाद. स्वतः गाडी हाकी, स्वतःच खटपट करी. १९१४ च्या सुमारास तिने एक युक्ती काढली: बटन दाबले की गाडीच्या मागच्या बाजूस एक पाटीवजा हात वर यावा आणि कोणीकडे वळणार ते दाखवावे; ब्रेक दाबला की 'थांबत आहे' अशी पाटी दिसावी. तिने त्याचे पेटंट घेतले नाही. तिची आई शार्लट ब्रिजवूड हिने मात्र १९१७ साली काच पुसणाऱ्या विजेच्या यंत्राचे पेटंट घेतले. मायलेकींपैकी कोणालाच या कल्पनांचे पैसे म्हणावे तसे मिळाले नाहीत. डिसेंबर १९३८ मध्ये फ्लॉरेन्सने आपले आयुष्य संपविले. तोवर लोकांनी तिला विस्मरणात टाकले होते.

युरोपात दुसरीच तऱ्हा चालली. रेल्वेचा हात पडणारा सिग्नल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे. तो सिग्नल १८४१ साली लंडनजवळ पहिल्यांदा उभा राहिला. त्याचेच एक बाळरूप मोटारीच्या दोन दारांमधल्या खांबात बसविण्यात आले. त्याला ट्रॅफिकेटर म्हणत. बटन फिरविले की आतले विद्युतचुंबक ओढ घेई आणि वीतभर लांबीचा, आत बारीक दिवा असलेला, नारिंगी रंगाचा हात खांबातून टक्कन बाहेर येई. मॉरिस मायनर गाडीला हा हात थेट १९६१ पर्यंत होता; हिचीच एक आवृत्ती आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' या नावाने निघाली होती. हा हात दिसावयास मोठा गोजिरवाणा, पण स्वभावाने हट्टी. थंडीत अडके, धुळीने अडके, बाहेर आला की आत जाईना. मग गाडीवाला आतून खांबावर एक बुक्की मारी. विजेच्या यंत्राला बुक्की मारून दुरुस्त करण्याची जी परंपरा पुढे आपल्याकडे रेडिओने आणि टीव्हीने चालविली, तिचे मूळ कदाचित येथेच असावे!

अमेरिकेने हा हाताचा नाद सोडून दिला आणि दिव्यालाच बोलते केले. ब्युइक कंपनीच्या १९३९ सालच्या गाड्यांवर मागे लुकलुकणारे वळणदिवे आले; पुढच्या वर्षी ते पुढच्या बाजूसही आले आणि वळण पुरे होताच आपोआप बंद होण्याची सोयही झाली. ब्रिटनने असे दिवे १९५४ साली कायदेशीर केले. दिवा नुसता लावून चालत नाही, तो लुकलुकावा लागतो, यात खरी खुबी आहे. गाडीच्या मागे लाल दिवे आधीच जळत असतात. त्यांत आणखी एक जळता दिवा म्हणजे गर्दीत आणखी एक माणूस. पण डोळ्याला स्थिर वस्तूपेक्षा बदलणारी वस्तू आधी दिसते. काजवा दिसतो तो त्यामुळेच.

दिवा लुकलुकविण्याचे काम ज्या डबीकडे असते तिला आपण फ्लॅशर म्हणतो. काडेपेटीपेक्षाही लहान अशी ही पत्र्याची डबी; तिच्यातून 'टिक टिक' ऐकू येते. तिच्या पोटात काय आहे हे आठवी-नववीच्या मुलांना सांगताना मला नेहमी मजा वाटते, कारण प्रयोगशाळेतल्या कपाटातून तिची थोरली बहीण काढून दाखविता येते. पितळेची आणि लोखंडाची पट्टी एकमेकींना जोडून केलेली ती दुहेरी पट्टी. स्पिरिटच्या दिव्यावर धरली की पितळ जास्त वाढते, लोखंड कमी, आणि पट्टी वाकते. ही कल्पना मोटारीची नव्हे. जॉन हॅरिसन नावाच्या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकाच्या मध्यास ती समुद्रावरच्या घड्याळासाठी काढली. उष्ण-थंड हवेने घड्याळ मागेपुढे होऊ नये आणि जहाज कोठे आहे याचा हिशेब चुकू नये, एवढ्यासाठी. जी पट्टी खलाशाला आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून जन्मली, तीच पुढे आपण कोठे वळणार हे दुसऱ्याला कळविण्याच्या कामी लागली.

फ्लॅशरमध्ये तिचे काम असे चालते. दिव्याकडे जाणारी वीज या पट्टीतूनच, किंवा तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून जाते. वीज वाहिली की पट्टी तापते, तापली की वाकते, वाकली की जोड तुटतो आणि दिवा विझतो. वीज थांबली की पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा टेकते आणि दिवा लागतो. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा हे व्हावे असा नियम आहे. एक गोष्ट येथेच ध्यानात धरावी, पुढे ती लागणार आहे. ही पट्टी दिवे मोजीत नाही, वीज मोजते. दोन दिव्यांची मिळून जेवढी वीज तिच्यातून जावी तेवढी गेली नाही, तर ती पुरेशी तापत नाही आणि मग लुकलुकही होत नाही.

आतापर्यंत सगळे मोटारींचे झाले. मोटारसायकलला हे दिवे फार उशिरा मिळाले, आणि खरी गरज तर तिलाच होती.

मोटारसायकलच्या हँडलाकडे एकदा नीट पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत, पुढचा ब्रेक उजव्या हाताशी. डाव्या हाताकडे फक्त क्लच. अमेरिकेत किंवा फ्रान्सात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, तेव्हा तेथल्या स्वाराचा रस्त्याच्या मध्याकडचा हात डावा, म्हणजे त्यातल्या त्यात मोकळा. तो बाहेर काढला तरी गाडीचा वेग आणि ब्रेक स्वाराच्या ताब्यात राहतात. आपण डावीकडून जाणारे. आपला मध्याकडचा हात उजवा, आणि कायद्याने खूण करावयाची तीही उजव्यानेच. म्हणजे वळणापूर्वी, नेमका जेव्हा वेग सांभाळावयाचा आणि ब्रेकवर बोटे ठेवावयाची, तेव्हाच हा हात काढून हवेत धरावयाचा. डावीकडे वळावयाचे असेल तर तो फिरवावयाचाही. मागे पत्नी बसलेली, टाकीवर पोर, हँडलाला भाजीची पिशवी, आणि स्वार एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने गिरक्या घेतो आहे, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पुष्कळांनी मग तो नादच सोडला. मान किंचित वळवावयाची आणि वळावयाचे. मागच्याने काय ते समजून घ्यावे!

या हाताचा विचार पहिल्यांदा मनावर घेतला तो जपान्यांनी, आणि तेही शेवयांच्या निमित्ताने. होंडा कंपनीने १९५८ साली 'सुपर कब' नावाची पन्नास सीसीची एक चिमुकली गाडी काढली. कंपनीचे दोन कर्ते पुरुष: यंत्रे करणारे सोइचिरो होंडा आणि ती विकणारे ताकेओ फुजिसावा. टोकियोच्या गल्ल्यांतून 'सोबा' नावाच्या शेवयांचे वाडगे घरपोच करणारी पोरे असत. एका हातात वाडग्यांची चळत, दुसऱ्या हातात सायकल. या पोराला एका हाताने चालविता आली पाहिजे अशी गाडी करावयाची, असे होंडांच्या मनात होते. म्हणून त्या गाडीला क्लचची मूठच ठेवली नाही. क्लच आपोआप चालणारा केला. आणि वळणदिव्यांचे बटन उजव्या हाताशी, अंगठ्याला पोचेल असे बसविले. डावा हात शेवयांसाठी मोकळा! २०१७ सालापर्यंत या जातीच्या दहा कोटींहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. जगात दुसऱ्या कोणत्याही मोटारगाडीला किंवा मोटारसायकलला हा आकडा गाठता आलेला नाही. त्या मानाने ब्रिटिश कारखान्यांना आपल्या दणकट गाड्यांवर असले दिवे लावणे बायकी वाटत असावे; बीएसए आणि ट्रायम्फ यांच्या गाड्यांवर ते यावयास १९७१ साल उजाडले. अमेरिकेने १९७३ पासून नव्या मोटारसायकलींना ते सक्तीचे केले.

आपल्या देशातल्या मोटारसायकली या ब्रिटिश आणि युरोपी घराण्यातल्या. बुलेट ही इंग्लंडातील रेडिच गावची. तिच्यासाठी मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. जावा ही चेकोस्लोव्हाकियाची. तिचा कारखाना म्हैसूरला १९६१ साली सुरू झाला आणि १९७३ पासून तिची येझदी झाली. या गाड्या आमच्या आधीच्या पिढीने आयुष्यभर वापरल्या. लग्नात घेतलेली गाडी मुलाच्या लग्नापर्यंत चालवावयाची, हा तेव्हाचा रिवाज. वळणदिवे त्यांच्यावर मूळचे नव्हते. ते मागाहून आले आणि पुष्कळ ठिकाणी मालकाने बाजारातून आणून, गॅरेजवाल्याकडून बसवून घेतले. १९८४ नंतर जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या, त्या दिव्यांसकटच आल्या. १९८८ च्या कायद्याने वळण्याची खूण विजेच्या साधनाने करण्यास मुभा दिली. म्हणजे कायद्यात हात अजून आहे, दिवाही आहे. रस्त्यावर मात्र दिवाच उरला आहे. आता कोणी उजवा हात बाहेर काढून फिरविला तर मागचा पोरगा समजेल, काका कोणाला तरी बोलावीत आहेत.

आता या जुन्या गाड्या पुन्हा बाहेर निघू लागल्या आहेत. वडिलांची बुलेट, मामांची येझदी गोठ्यातून काढून, रंगवून, चकचकीत करून नातवंडे दसऱ्याला तिला हार घालतात. गाडी चालू होते, फटफटही करते, आणि मग तक्रार येते ती हमखास या पिवळ्या दिव्यांची. लागतच नाहीत, लागतात पण लुकलुकत नाहीत, डावीकडचा लावला तर चारही मंद लुकलुकतात, पुढचा चालतो, मागचा नाही. मग फ्लॅशर बदलतात, बल्ब बदलतात, शेवटी सगळे वायरिंगच बदलतात, आणि दिवा जेथल्या तेथे. या दुखण्याचा इतिहास माहीत असला तर उपाय स्वस्तात होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट व्होल्टची. त्या काळच्या बहुतेक देशी मोटारसायकली सहा व्होल्टच्या होत्या. आजच्या बारा व्होल्टच्या आहेत. दहा वॅटचा दिवा धरला तर सहा व्होल्टवर तो पावणेदोन अँपियरच्या आसपास वीज ओढतो, बारा व्होल्टवर त्याच्या निम्मी. आता समजा वाटेत कोठे गंज आहे आणि त्याचा अडथळा एक ओहम आहे. सहा व्होल्टच्या गाडीत दिव्याच्या वाट्याला सुमारे पावणेपाच व्होल्टच येतात; बारा व्होल्टच्या गाडीत सव्वाअकरापर्यंत येतात. एकाचे नुकसान पाचव्या हिश्श्याहून जास्त, दुसऱ्याचे पंधराव्या हिश्श्याएवढे. आणि व्होल्ट पाचव्या हिश्श्याने कमी झाले म्हणजे प्रकाशही तेवढाच कमी होतो असे नव्हे, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. ज्या गंजाची नव्या गाडीला गंधवार्ताही नसते, त्याच गंजाने जुनी गाडी मुकी होते. हा हिशेब ज्याच्या नियमाने केला तो गेऑर्ग ओहम हा कोलोनच्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. १८२७ साली त्याने आपला नियम छापला, तेव्हा त्याच्या देशातल्या विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली पदक दिले तेव्हा कोठे त्याचे बरे दिवस आले. शाळामास्तराच्या म्हणण्याकडे लक्ष जावयास चौदा वर्षे लागली, हे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून सांगत असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी पाहत नाही. विजेला जावयास वाट लागते, तशी परतावयासही लागते. घरातल्या दिव्याला दोन तारा असतात. गाडी करणाऱ्यांनी पहिल्यापासून काटकसर केली: जावयाची तार द्यावयाची आणि परतीसाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरावयाचा. गॅरेजात यालाच 'अर्थ' म्हणतात. मागच्या वळणदिव्याची वीज होल्डरमधून त्याच्या दांड्यात, दांड्यातून मडगार्डमध्ये, मडगार्डमधून बोल्टांच्या वाटे चेसिसमध्ये आणि तेथून बॅटरीत परत येते. म्हणजे प्रत्येक नटबोल्ट हा तारेचा एक तुकडाच. त्यांवर तीस-चाळीस पावसाळे गेले, कोकणात असेल तर खारा वारा लागला, आणि वाट बुजली. त्यात आता गाडी रंगविली जाते. रंग हा विजेला अडवितो. भट्टीतला जाड रंग तर पुरताच अडवितो. म्हणून जी गाडी गोठ्यात मळकट असताना कसेबसे दिवे लावीत होती, तीच रंगून नवरीसारखी झाल्यावर आंधळी होते. मालक म्हणतो, एवढा खर्च केला आणि हे काय! खर्च केला म्हणूनच ते, हे त्याला कोण सांगणार?

चारही दिवे मंद लुकलुकण्याचे कोडेही यातच सुटते. परतीची खरी वाट बंद झाली की वीज स्वस्थ बसत नाही. ती शेजारच्या दिव्यातून, मागच्या लाल दिव्यातून, कोठून मिळेल तेथून घरी जाऊ पाहते. डावीकडचा दिवा लावल्यावर मागचा लाल दिवा धापा टाकू लागला, तर बल्बला हात लावू नये. मडगार्डचा बोल्ट काढावा, पॉलिश पेपरने जागा उजळून लोखंड दिसू द्यावे आणि मग आवळावा. सर्वांत उत्तम म्हणजे चारही होल्डरांपासून परतीची एकेक वेगळी तार काढून ती थेट बॅटरीच्या अर्थाच्या टोकाशी न्यावी. थोडी वायर आणि तासाभराचे काम. दिव्याचे दांडे रबरात बसविलेले असतील तर अशी तार असावीच लागते.

बुलेटवाल्यांना एक वैद्य फुकट मिळालेला आहे, त्याची आठवण द्यावीशी वाटते. पुढच्या दिव्याच्या डोक्यावर, मधोमध शून्य असलेला एक छोटा अँमीटर असतो. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी. काटा डावीकडे जरासा झुकला तर ते इग्निशन कॉइलचे काम, त्याकडे लक्ष देऊ नये. आता वळणदिव्याचे बटन लावावे. काटा दिव्याच्या तालावर नाचू लागला तर प्रकृती ठणठणीत. हललाच नाही, तर वीज निघतच नाही: फ्यूज, बटन किंवा फ्लॅशर पाहावा. डावीकडे एकदा गेला आणि तेथेच थांबला, तर वीज वाहते आहे पण फ्लॅशरची पट्टी पुरेशी तापत नाही: एक बल्ब गेला असेल, कमी वॅटचा बसविला असेल किंवा बॅटरी मेलेली असेल. आणि काटा एकदम टोकाला आदळला तर तत्काळ किल्ली बंद करावी. कोठेतरी तार सोलून लोखंडाला लागली आहे. ही जागा बहुधा हँडलाखालच्या मानेजवळ असते. हँडल हजारो वेळा इकडून तिकडे होते, तार आतल्या आत तुटते किंवा घासते, आणि वरचे आवरण मात्र अखंड दिसते. हँडल हळूहळू फिरवीत दिव्याकडे पाहिले म्हणजे चोर सापडतो. किल्ली फार वेळ उघडी ठेवू नये, कॉइल तापते.

हल्ली लोक या गाड्यांना एलईडीचे दिवे बसवितात. दिवा झगझगीत, वीज नाममात्र. पण आपली पट्टी वीज मोजणारी! तिला वाटते दिवे नाहीतच, आणि ती हलत नाही. मग काही जण दिव्याजवळ एक तापणारा रेझिस्टर बसवून वाचविलेली वीज पुन्हा जाळून टाकतात. हा उपाय मला पटत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा. मात्र जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला उलटी वीज चालत नाही. ते आधी पाहून घ्यावे.

एवढी उठाठेव कशासाठी, असे घरातली वडीलधारी विचारतील. पूर्वी दिवे नव्हते तेव्हा काय लोक वळत नव्हते? वळत होते. पण तेव्हा न केलेली खूण ही न केलेलीच असे, आणि ती करणाऱ्यालाही ठाऊक असे. दिव्याचे तसे नाही. वळणदिवे स्वाराच्या मागे आणि खाली असतात, स्वतःचा मागचा दिवा त्याला कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त मीटरमधला एक बारीक दिवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा बारीक दिवा डाव्या आणि उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडची वीज त्यातून येऊन उजवीकडच्या बल्बांमधून परत जाते. डावीकडचे दोन्ही बल्ब गेलेले असोत, त्यांची परतीची वाट बुजलेली असो, हा बारीक दिवा तरीही लागतो. आणि फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असेल तर छान तालात लुकलुकतोही. स्वार तो पाहतो आणि समजतो, आपण सांगून टाकले. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला मात्र कोणी काही सांगितलेलेच नसते. तो डावीकडून काढावयास येतो आणि हा निःशंक मनाने डावीकडे वळतो.

याच्या उलट, वळून झाल्यावर दिवा तसाच चालू राहणे हेही आहेच. मोटारीचे चाक सरळ झाले की दिवा आपण होऊन बंद होतो. मोटारसायकल हँडलापेक्षा कलण्याने वळते, म्हणून ती युक्ती तिला साधत नाही. यामाहाने १९७० च्या दशकाच्या शेवटी वेळ आणि अंतर मोजून दिवा बंद करणारी यंत्रणा काही गाड्यांवर बसविली होती. ती सर्वत्र झाली नाही. आपण त्यावर पीं पीं करणारा बझर काढला, आणि तोही नसेल तेथे रस्त्यावरची माणसे आहेतच. 'अहो, इंडिकेटर चालू आहे!' आणि 'स्टँड वर घ्या!' ही दोन वाक्ये अनोळखी माणसाला ओरडून सांगण्याचा आपल्याकडे कोणालाही संकोच वाटत नाही.

तेव्हा गोठ्यातली गाडी या दिवाळीत बाहेर काढणार असाल, तर तिच्या बारीक दिव्यावर विश्वासू नये. संध्याकाळी, अंधार पडू लागला की गाडी अंगणात उभी करावी आणि घरातल्या एखाद्या पोराला दहा-पंधरा पावले मागे उभे करावे. आधी डावा, मग उजवा, मग पुढचा दिवा आणि ब्रेक लावून पुन्हा दोन्ही. कारण सगळे एकदम लागले म्हणजेच परतीच्या वाटेचे खरे दुखणे बाहेर येते. पोराने मागून मोठ्याने सांगत राहावे: लागला, विझला, लागला, विझला. आपण हातातल्या घड्याळावर मिनिट मोजावे. साठाच्या खाली आले तर बॅटरी आणि अर्थ पुन्हा पाहावे, एकशेवीसच्या वर गेले तर फ्लॅशर बदलावा, आणि पोर मध्येच गप्प झाले तर ते फराळाला पळाले आहे की दिवा विझला आहे, हे मागे वळून पाहावे.